दुसऱ्या टोकाचा गोलंदाज

३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी एकही नाही. कसोटी क्रिकेटच्या धावफलकात गोलंदाजाच्या नावापुढे इतकी विलक्षण ओळ दुसरी सापडणं कठीण आहे. जानेवारी १९६४, मद्रासचं कॉर्पोरेशन स्टेडियम, समोर इंग्लंड. गोलंदाज नाशिकचे रमेशचंद्र गंगाराम नाडकर्णी, म्हणजे सगळ्यांचे बापू. या ३२ षटकांपैकी २१ लागोपाठ निर्धाव गेली. १३१ चेंडू सलग पडले आणि फलंदाजांना एक धावसुद्धा काढता आली नाही. त्या डावात ब्रायन बोलसने ८८ आणि केन बॅरिंग्टनने ८० धावा केल्या, म्हणजे हे फलंदाज काही नवखे नव्हते. बॅरिंग्टन तर त्या काळातल्या सर्वांत भक्कम फलंदाजांपैकी एक होता.

बापू सरावाला खेळपट्टीवर नाणं ठेवायचे आणि चेंडू त्या नाण्यावर पाडत राहायचे, हे मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. ऐकायला ती हौसेची गोष्ट वाटते, पण तिच्यामागे फलंदाजीचं शास्त्र आहे. बापूंसारख्या फिरकी गोलंदाजावर धाव काढायची तर फलंदाजाला दोनच मार्ग असतात. एक तर पुढे जाऊन चेंडू जिथे टप्पा घेतो तिथेच त्याला गाठायचं, नाहीतर मागे सरून तो वळेपर्यंत वाट पाहायची. या दोन्हींच्या मधे खेळपट्टीवर एक छोटासा तुकडा असतो. तिथे पडलेल्या चेंडूला पुढे येऊन गाठता येत नाही आणि मागे जायलाही वेळ पुरत नाही. तो फक्त अडवायचा. बहुतेक चांगले गोलंदाज षटकातले तीन-चार चेंडू त्या तुकड्यात टाकतात. सहाच्या सहा टाकणं अवघड. आणि तेच एकवीस षटकं, मद्रासच्या उकाड्यात, चेंडू हातातून कधीही निसटू न देता? माझ्या मते हा बोटांइतकाच मनाचा पराक्रम आहे. एकदा तरी गोलंदाजाला काहीतरी वेगळं करून पाहावंसं वाटतंच. बापूंना वाटलं असेल, तर त्यांनी ते चेंडूत उतरू दिलं नाही. १७ जानेवारी २०२० रोजी बापू गेले, तेव्हा सुनील गावसकर यांनी त्यांचे दोनच शब्द आठवून सांगितले होते: ‘छोडो मत’.

‘बळी नाही ना एकही, मग काय उपयोग?’ असा प्रश्न या आकड्यांवर गेली साठ वर्षं विचारला जातो. नकारात्मक गोलंदाजी, असा शेराही मारला जातो. त्याचं उत्तर त्याच धावफलकात, चार बोटं अंतरावर लिहिलेलं आहे. इंग्लंडच्या त्याच डावात पुण्याच्या चंदू बोर्डे यांनी ८८ धावांत ५ बळी घेतले. बोर्डे लेगस्पिन टाकायचे. लेगस्पिनरला धावा द्याव्या लागतात, चेंडूला उंची द्यावी लागते, फलंदाजाला मोहात पाडावं लागतं. एका बाजूने धावा आटल्या की फलंदाज त्या दुसऱ्या बाजूला शोधू लागतो आणि लेगस्पिनर नेमकी त्याचीच वाट पाहत असतो. नाशिकच्या माणसाने दार लावून घेतलं आणि पुण्याच्या माणसाने खिडकीशी बळी टिपले. धावफलकाला ही भागीदारी दिसत नाही. फलंदाजांच्या भागीदारीची नोंद होते, धावा मोजल्या जातात, विक्रम ठेवले जातात. गोलंदाजांच्या जोडीचा असा रकाना कुठल्याही वहीत नाही.

या लेखात मला हेच सांगायचं आहे. गोलंदाजीतले जे पराक्रम आपण अशक्य म्हणून आठवतो, ते एकट्याच्या नावावर लिहिले जातात, पण त्यातला एकही एकट्याचा नसतो. दुसऱ्या टोकाला कोणीतरी उभं असतं. कधी तो बळी देतो, कधी बळी सोडतो, कधी नकळत हिरावून घेतो.

बापूंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती फारशी सांगितली जात नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याच मद्रासला ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनी पहिल्या डावात ३१ धावांत ५ आणि दुसऱ्या डावात ९१ धावांत ६ बळी घेतले. सामन्यात ११. भारत तो सामना हरला आणि ते ११ बळी आज फार कमी लोकांना आठवतात. लोकांच्या लक्षात राहिला तो शून्य बळींचा डाव. कारकिर्दीत ४१ कसोटी, ८८ बळी आणि षटकामागे सरासरी दोन धावाही नाहीत. त्यांच्याइतका सलग निर्धाव मारा, तोही चेंडूंच्या हिशेबाने थोडा जास्तच, दक्षिण आफ्रिकेच्या ह्यू टेफील्डने १९५६-५७च्या मोसमात डर्बनला केला होता. त्याने सलग १३७ चेंडूंवर धाव दिली नाही. तिथे तेव्हा आठ चेंडूंचं षटक असायचं, म्हणून निर्धाव षटकांचा विक्रम बापूंकडेच राहिला. टेफील्डने त्याच सामन्याच्या दुसऱ्या डावात इंग्लंडचे ८ बळी घेतले. धावा रोखणं आणि बळी मिळवणं ही दोन वेगळ्या माणसांची कामं नसतात, हे त्यानेही दाखवून दिलं.

आता दहाच्या दहा बळींकडे येऊ. कसोटी क्रिकेट १८७७ साली सुरू झालं. अडीच हजारांहून अधिक सामने झाले आणि डावातले सगळे दहा बळी एकट्याने घेण्याची गोष्ट आजवर तीनदाच घडली: १९५६ साली मँचेस्टरला जिम लेकर, १९९९ साली दिल्लीला अनिल कुंबळे, २०२१ साली मुंबईला एजाज पटेल. तिघेही फिरकी गोलंदाज. इतकं दुर्मीळ का, याचं साधं गणित आहे. समजा दोनच गोलंदाज आलटूनपालटून टाकताहेत आणि दोघेही सारखेच चांगले आहेत. तरी ठरावीक एकालाच दहाही बळी मिळण्याची शक्यता हजारात एकीपेक्षा कमी, नेमकी १,०२४ मध्ये एक. प्रत्यक्षात चार-पाच जण गोलंदाजी करतात. शिवाय धावचीत होणारा फलंदाज कुणाच्याच खात्यात जात नाही, आणि कर्णधार डाव घोषित करू शकतो. त्याहून मोठी अडचण निराळीच आहे. खेळपट्टी इतकी मदत करणारी असेल की एक जण दहा बळी घेऊ शकेल, तर तीच खेळपट्टी दुसऱ्या टोकाच्या गोलंदाजालाही मदत करणार ना? मग त्याला एकही कसा मिळत नाही?

या प्रश्नाचं सर्वांत चकित करणारं उदाहरण मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डचं. जुलै १९५६, समोर ऑस्ट्रेलिया. इंग्लंडकडे सरे परगण्याची जोडी होती, ऑफस्पिनर लेकर आणि डावखुरा फिरकीपटू टोनी लॉक. वर्षानुवर्षं दोघे एकत्र टाकत आलेले, एकाच संघाला एकामागून एक अजिंक्यपदं मिळवून दिलेले. खेळपट्टी कोरडी, धूळ उडणारी, मग पाऊस, मग ऊन. कुठल्याही फिरकी गोलंदाजाला हवी तशी. इंग्लंडने ४५९ केल्या. ऑस्ट्रेलियाचा पहिला डाव ८४ धावांत संपला. लेकरने ३७ धावांत ९ बळी घेतले, त्यातले शेवटचे सात २२ चेंडूंत आणि ८ धावांत. उरलेला एक, जिम बर्क, लॉकला मिळाला. फॉलोऑननंतर दुसऱ्या डावात कॉलिन मॅक्डोनल्डने ८९ धावांची झुंज दिली, पावसाने बराच वेळ खाल्ला आणि सामना वाचतोय असं वाटत असताना शेवटच्या दिवशी ऊन पडलं. लेकरने ५३ धावांत दहाच्या दहा घेतले. सामन्यात ९० धावांत १९. हा विक्रम कधी मोडला जाईल, असं मला वाटत नाही, कारण त्यावर जायचं तर वीसच्या वीस घ्यावे लागतील.

आता लॉकचे आकडे शेजारी ठेवून पाहा. लेकरने त्या सामन्यात ६८ षटकं टाकली, लॉकने ६९. लेकरचे बळी १९, लॉकचा १. खेळपट्टी तीच, फलंदाज तेच. आणि लॉक काही साधा गोलंदाज नव्हता. त्याच महिन्यात, मँचेस्टरच्या कसोटीआधी काही दिवस, ब्लॅकहीथला केंटविरुद्ध त्याने स्वतः ५४ धावांत डावातले दहा बळी घेतले होते. म्हणजे दहा बळी घेतलेला गोलंदाज दुसऱ्या टोकाला उभा राहून दुसऱ्याचे दहा बळी मोजत होता. त्याचे चेंडू बॅटीला चाटून जात होते, कधी हुकत होते, कधी टप्पा पडल्यावर इतके वळत होते की फलंदाजाच्या आवाक्यातच येत नव्हते. बळी मिळेना म्हणून तो चिडला, आणि चिडला की वेग वाढवायचा. डावखुऱ्या फिरकीला वेग वाढवला की उंची जाते, उंची गेली की फसवणूक जाते. लेकर मात्र स्ट्रेटफर्डच्या बाजूने त्याच लयीत टाकत राहिला आणि त्याचे १९ही बळी त्याच टोकाकडून आले.

तरीही लॉकला या पराक्रमातून वगळणं मला अन्यायाचं वाटतं. लेकरच्या १९ बळींपैकी तीन झेल लॉकच्याच हातात गेले: पहिल्या डावात मॅक्डोनल्डचा, दुसऱ्या डावात बर्क आणि लिंडवॉल यांचे. स्वतःला बळी मिळत नाही, म्हणून आतून पेटलेला माणूस बॅटीजवळ उभा राहून दुसऱ्याच्या गोलंदाजीवर हे झेल टिपतो. शिवाय त्याच्या ६९ षटकांत १०६ धावाच निघाल्या, म्हणजे ऑस्ट्रेलियाला सुटका होईल असं टोक कुठलंच नव्हतं. लेग साइडला जवळ उभ्या असलेल्या अ‍ॅलन ओकमनने पाच झेल घेतले. तो फलंदाज म्हणून संघात होता, धावा केल्या दहा, पण त्याचं नाव या सामन्याशी कायमचं जोडलं गेलं ते त्या पाच झेलांमुळे.

सामना संपल्यावर लेकरने स्वेटर खांद्यावर टाकला आणि शांतपणे मैदानाबाहेर गेला. लंडनला परतताना लिचफिल्डजवळच्या एका पबमध्ये तो खायला थांबला. तिथे लोक दूरचित्रवाणीवर त्याचेच बळी पाहत होते आणि शेजारी बसलेल्या माणसाला कुणीही ओळखलं नाही. हा प्रसंग पुढे त्यानेच सांगितला आहे.

भारताकडून कसोटीत दहाच्या दहा घेण्याचा मान कुंबळेच्या चाळीस वर्षं आधी मुंबईच्या सुभाष गुप्ते यांना मिळाला असता. डिसेंबर १९५८, कानपूरचं ग्रीन पार्क, समोर वेस्ट इंडिज. गुप्तेंकडे दोन तऱ्हांची गुगली होती आणि ती ओळखणं जगातल्या उत्तम फलंदाजांनाही जमत नव्हतं. गॅरी सोबर्स यांनी पुढे आयुष्यभर गुप्तेंना सर्वोत्तम लेगस्पिनर मानलं. त्या दिवशी वेस्ट इंडिजचा डाव २२२ धावांत संपला आणि गुप्तेंनी १०२ धावांत ९ बळी घेतले. दहावा होता लान्स गिब्स. गुप्तेंच्या गोलंदाजीवर त्याचा झेल यष्टिरक्षक नरेन ताम्हाणे यांच्याकडून सुटला, आणि मग वसंत रांजणे यांनी त्याचा त्रिफळा उडवला.

या तीन नावांपाशी मला थांबावंसं वाटतं. गुप्ते आणि ताम्हाणे मुंबईचे, रांजणे महाराष्ट्राचे. ताम्हाणे यांच्या हातून सुटलेला तो झेल बोलण्यात पुन्हा पुन्हा येतो, पण गुप्तेंच्या गुगलीमागे उभं राहणं किती कठीण होतं, हे कमी बोललं जातं. फलंदाजाला जे कळत नव्हतं, ते यष्टिरक्षकाला कळलंच पाहिजे, आणि तेही बॅट, पॅड, धूळ यांच्या आडून. २१ कसोटींत ३५ झेल आणि १६ यष्टिचीत, हा त्यांचा लेखाजोखा. यष्टिचीत इतके, कारण समोर गुप्तेंसारखे गोलंदाज होते आणि ताम्हाणेंना ते वाचता येत होते. सुटलेल्या एका झेलावरून त्यांना ओळखणं मला पटत नाही.

आणि रांजणे? ती त्यांची पहिलीच कसोटी. दोन वर्षांपूर्वी, १९५६-५७च्या मोसमात, महाराष्ट्राकडून रणजी पदार्पणात पुण्याजवळ सौराष्ट्राविरुद्ध त्यांनी एका डावात ३५ धावांत ९ बळी घेतले होते, त्यात हॅट्‌ट्रिकही होती. म्हणजे दहावा बळी हुकल्याची चुटपुट काय असते, हे त्या मैदानावर गुप्तेंइतकंच ज्याला ठाऊक होतं, त्याच माणसाच्या हातून गुप्तेंचा दहावा बळी गेला. त्यांनी वेगळं काय करायला हवं होतं? पहिली कसोटी खेळणाऱ्या वेगवान गोलंदाजाने स्टंपांवर चेंडू टाकायचा नाही, असं कोण म्हणेल? रांजणेंच्या जागी मीही तोच चेंडू टाकला असता आणि त्यात चूक काहीच नाही, असं मला ठामपणे वाटतं. कसोटी मात्र भारत २०३ धावांनी हरला. पहिल्या डावात भारतानेही नेमक्या २२२ केल्या होत्या आणि दुसऱ्या डावात सोबर्सने १९८ धावा ठोकल्या.

गुप्तेंनी दहा बळी घेतले नव्हते असं नाही. १९५४-५५ साली मुंबईत पाकिस्तानातून आलेल्या एका संघाविरुद्ध त्यांनी ७८ धावांत दहाच्या दहा घेतले होते आणि प्रथम श्रेणीच्या सामन्यात असं करणारे ते पहिले भारतीय ठरले. पण तो कसोटी सामना नव्हता. त्यानंतर रणजीत बंगालच्या प्रेमांग्शू चॅटर्जींनी जोरहाटला आसामविरुद्ध २० धावांत दहा घेतले, राजस्थानच्या प्रदीप सुंदरमनी १९८५-८६ साली जोधपूरला विदर्भाचा अख्खा डाव गुंडाळला आणि २०२४ साली हरयाणाच्या अंशुल कंबोजने लाहलीला केरळविरुद्ध ४९ धावांत तेच केलं. रणजी करंडकाच्या नव्वद वर्षांत हे तिघेच.

कानपूरला जे झालं, ते दिल्लीत झालं नाही, आणि याचं श्रेय जवागल श्रीनाथला आहे. ७ फेब्रुवारी १९९९, फिरोजशहा कोटला, पाकिस्तानसमोर ४२० धावांचं लक्ष्य. सईद अन्वर आणि शाहिद आफ्रिदी यांनी १०१ धावांची सलामी दिली. उपाहारानंतर कुंबळेने टोक बदललं आणि बिनबाद १०१ वरून पाकिस्तान ६ बाद १२८ झालं. त्या दिवशी सचिन तेंडुलकरने एक गोष्ट सुरू केली. कुंबळेच्या षटकाआधी त्याची टोपी आणि स्वेटर सचिन स्वतः घेऊन पंच जयप्रकाश यांच्याकडे द्यायचा. एकदा दिली, बळी पडला, मग डाव संपेपर्यंत तेच चालू राहिलं. आपल्याकडे गल्लीतल्या सामन्यातही बळी पडेपर्यंत जागा सोडू नये म्हणतात, तसंच हे. नऊ बळी झाले. मग श्रीनाथचं षटक आलं. तेव्हा तो भारताचा सर्वांत वेगवान गोलंदाज होता आणि समोर पाकिस्तानची शेवटची जोडी. श्रीनाथने चेंडू स्टंपांपासून लांब, बाहेर टाकले. आयुष्यभर स्टंप उडवायला शिकलेल्या माणसाने सहा चेंडू जाणूनबुजून बाहेर टाकणं सोपं नसतं. पुढच्या षटकाच्या तिसऱ्या चेंडूवर वसीम अक्रमचा झेल शॉर्टलेगला व्ही. व्ही. एस. लक्ष्मणने घेतला. २६.३ षटकं, ९ निर्धाव, ७४ धावा, १० बळी. लेकरला मँचेस्टरला शाळकरी वयात पाहिलेला एक इंग्रज प्रेक्षक कोटलावरही हजर होता. एका माणसाच्या आयुष्यात अशी दोन दृश्यं यावीत, याचा मला खरंच हेवा वाटतो.

   

आता मुंबईचा डाव. डिसेंबर २०२१, वानखेडे. मैदान ओलं असल्याने सामना उशिरा सुरू झाला. न्यूझीलंडचा एजाज पटेल मुंबईत जन्मलेला, जोगेश्वरीत राहिलेला, आठव्या वर्षी आईवडिलांबरोबर न्यूझीलंडला गेलेला. आधी डावखुरा मध्यमगती टाकायचा, मोठेपणी फिरकीकडे वळला. भारताच्या बिनबाद ८० झाल्या होत्या, तिथून ३ बाद ८०. पुजारा आणि कोहली एकाच षटकात शून्यावर. दुसऱ्या दिवशी सकाळी वृद्धिमान साहा आणि अश्विन लागोपाठच्या चेंडूंवर. मयंक अग्रवालने १५० केल्या, पण दहाही बळी एजाजचेच. ४७.५ षटकं, ११९ धावा, १० बळी, शेवटचा झेल रचिन रवींद्रच्या हातात. कसोटीच्या पहिल्याच डावात दहा बळी घेणारा तो एकमेव. वानखेडेवरच्या प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. आपल्या संघाचा डाव कोसळला असतानाही त्या टाळ्या मनापासूनच्या होत्या, कारण मुंबईला फिरकी कळते.

पण त्या डावात एजाजच्या दुसऱ्या टोकाला कुणालाच काही मिळालं नाही. साउथी, जेमिसन, सोमरव्हिल, रवींद्र, सगळ्यांचा बळींचा रकाना कोरा. उत्तरादाखल न्यूझीलंडचा डाव ६२ धावांत आटोपला. एजाजने दुसऱ्या डावात आणखी चार घेतले. सामन्यात २२५ धावांत १४ बळी घेऊनही त्याचा संघ ३७२ धावांनी हरला. पाठोपाठ मायदेशी बांगलादेशविरुद्धच्या मालिकेत त्याला संघात जागाही मिळाली नाही, कारण तिथल्या खेळपट्ट्यांवर फिरकीपटूची गरज वाटत नव्हती.

तीन वर्षांनी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, एजाज पुन्हा वानखेडेवर आला. या वेळी त्याला दहाच्या दहा मिळाले नाहीत. पहिल्या डावात ५, दुसऱ्या डावात ६. भारतासमोर १४७ धावांचं लक्ष्य होतं आणि ऋषभ पंत ६४ धावांवर बाद होईपर्यंत सामना भारताच्या आवाक्यात होता. पण या वेळी दुसऱ्या टोकाला ग्लेन फिलिप्स होता. मुळात फलंदाज, कामापुरता ऑफस्पिन टाकणारा. त्याने आधीच यशस्वी जैस्वालला पायचीत केलं होतं. धावसंख्या १२१ असताना फिलिप्सने अश्विनला झेलबाद केलं आणि पुढच्याच चेंडूवर आकाशदीपचा त्रिफळा उडवला. षटक संपलं. पुढच्या षटकाचा पहिला चेंडू एजाजने टाकला आणि वॉशिंग्टन सुंदरच्या यष्ट्या कोसळल्या. न्यूझीलंड २५ धावांनी जिंकलं आणि भारतात भारताला ३-० हरवणारा पहिला संघ ठरलं. त्या डावात एजाजचे आकडे ५७ धावांत ६, फिलिप्सचे ४२ धावांत ३.